व्हकलेची रास

नंदा या गावात सून म्हणून आली ती नेमकी त्या वाटेनं, जिथून कुठल्याच नवरीनं यायचं नसतं.

तिला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ती बेळगावकडची, खानापूर तालुक्यातली. वडील अशोक गवंडीकाम करत. पेडण्याकडे बांधकामं निघाली तसे ते गोव्यात आले आणि बायको वारल्यावर मुलीलाही घेऊन आले. धारगळच्या हमरस्त्यापासून आत, सड्याच्या पायथ्याशी एक लहानसा वाडा आहे, पंधरावीस घरांचा. तिथं सुमंगला परब या विधवा बाईच्या घराची मागची भिंत पावसात बसली होती. ती बांधायचं काम अशोकना मिळालं. नंदा बापाचा डबा घेऊन दुपारची यायची. सुमंगलाचा मुलगा बाबली टेंपो चालवायचा. वाड्यावरचे नारळ, कणगांचे कंद, भाजी म्हापशाच्या बाजारात पोचवायचा. भिंत जसजशी वर चढली तसतसा बाबलीचा टेंपोही दुपारी डब्याच्या वेळेला घरी परतायला लागला. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"भित सरळ बांधता मनीस," ती एके दिवशी लेकाला म्हणाली, "मगे चेडूय सरळच वाडयलेला आसतला." बाप भिंत सरळ बांधतो तर पोरही सरळच वाढवली असेल, एवढ्यावर लग्न ठरलं.

लग्न पेडण्याला देवळाच्या सभागृहात झालं. बाबली आणि घरची माणसं पुढच्या गाडीतून निघून गेली, कारण घरी नवरीला उंबऱ्यावर ओवाळायची तयारी करायची होती. नंदा मावशीबरोबर मागच्या भाड्याच्या गाडीत होती. हमरस्त्यावर एक ट्रक आडवा झालेला, गाड्यांची रांग लागलेली. चालक परगावचा. त्यानं कुणालातरी विचारलं, कुणीतरी सड्यावरची कच्ची वाट दाखवली, आणि त्यानं गाडी तिकडे घातली. मध्यावर चाक दोन कातळांच्या बेचक्यात अडकलं ते निघेना. समोर उतारावर वाड्याची कौलं दिसत होती. मावशी म्हणाली, "चल बाई, चालत जाऊया. ऊन डोक्यात शिरायच्या आत."

वैशाखाचं ऊन होतं. सडा म्हणजे उघडा जांभा कातळ. पावसाळ्यात तो हिरवा होतो, पण उन्हाळ्यात त्यावर पाय ठेववत नाही. शालू सावरत नंदा चालली आणि वाटेच्या कडेला तिला दगडांची रास दिसली. कमरेएवढी उंच, वर सुकलेल्या डहाळ्या. मावशीला वाटलं कुठला तरी रानातला देव असेल. नंदानं एक दगड उचलून राशीवर ठेवला, नमस्कार केला, बाटलीतलं पाणी प्याली आणि उरलेलं त्या दगडांवर ओतलं. देवाला कोरडं कशाला ठेवायचं, एवढाच विचार.

ती रास देवाची नव्हती. ती व्हकलेची रास होती. व्हकल म्हणजे नवी नवरी. जुन्या काळी, गाड्यारस्ते नव्हते तेव्हा, शापोरा नदीपलीकडून एक पोर लग्न होऊन डोलीतून या सड्यावरून चालली होती. वाटेत तिला तहान लागली. डोली खाली ठेवा, पाणी द्या, असं ती म्हणत राहिली आणि भोई म्हणत राहिले, आता आलंच गाव. गाव आलं तेव्हा डोलीत जीव नव्हता. तिला ना माहेर ना सासर. कुठल्याच घरानं नेली नाही. भोयांनी डोली उलटी फिरवली आणि सड्यावर तिला ठेवून वर दगड रचले. तेव्हापासून येणारा-जाणारा एक दगड नाहीतर डहाळी टाकतो. कोणी म्हणतं तिच्या अंगावर सोनं होतं, कोणी म्हणतं डोली कधी गावापर्यंत आलीच नाही. पण एक गोष्ट सगळे सारखीच सांगतात: नवरीनं त्या वाटेनं जायचं नाही. दुसरी नवरी दिसली की व्हकल विचारते, माझं घर कुठंय? आणि तिच्याबरोबर निघते.

उंबऱ्यावर सुमंगला ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. गाडीचा आवाज रस्त्याकडून यायचा तर सून मागच्या परसातून, धुळीनं भरलेल्या पायांनी येताना दिसली.

"खंयच्या वाटेन आयलंस गो?"

"सड्यावरनं आलो की," नंदा म्हणाली. तिकडच्या बायका 'आले' नाही म्हणत, 'आलो' म्हणतात. एरवी आजूबाजूच्या बायका हसल्या असत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

सुमंगलानं नंदाच्या मागे, रिकाम्या परसाकडे एकवार पाहिलं, मग ओवाळलं.

पुढं वर्ष सरायच्या आत बाबलीच्या टेंपोला हमरस्त्यावर अपघात झाला. जीव वाचला, पण कमरेचं हाड मोडलं. तो महिनोन्महिने पडून होता आणि उठला तो एक पाय ओढतच. मग काय, वाड्यावरची तोंडं सुटली. नंदा विहिरीवर गेली की बोलणं थांबायचं. पाठ वळली की सुरू व्हायचं. "वांगडा हाडली मगे तिणें," असं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. बरोबर घेऊन आली ही त्या मेलेलीला.

तिला वाटलं आता सासू बोलेल. सुमंगला बोलली नाही. मात्र त्याच सुमारास तिनं एक गोष्ट सुरू केली. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून झाला की ती पितळेचा एक पेला पाण्यानं भरून परसातल्या पायरीवर ठेवायची. सकाळी ते पाणी अळवाच्या मुळाशी ओतायची. नंदा काही दिवस बघत राहिली. मग एकदा तिनं बिछान्यावरच्या नवऱ्याला विचारलं.

"तां तिच्यासाठी," तो म्हणाला. "तुज्यावांगडा आयली न्हय ती. आईक वाटता, तहानेली आसतली."

नंदा त्या दिवशी जेवली नाही. आपल्याच घरात आपल्या जोडीला एक मेलेली बाई सून म्हणून नांदते आहे, आणि सासू तिला पाणी देते, ही कल्पना तिला सोसवेना. बापाकडे निघून जावं असंही मनात आलं. पण बापाचा मुक्काम आज या गावात, उद्या त्या गावात, पत्र्याच्या खोलीत. जायचं तरी कुठं? ती परसात जाऊन बसली. समोर सडा, वर पसरलेलं आभाळ. बसता बसता तिला वाटलं, आपण जे आत्ता म्हटलं, जायचं कुठं, तेच तर ती पोर विचारते म्हणतात. तीसुद्धा नदीपलीकडची. इथल्या कुणाची नाही, कुणाच्या ओळखीची नाही. आपल्याला निदान एक घर मिळालं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला सासूनं पेला हातात घेतला तेव्हा नंदा पुढं झाली.

"आई, द्या. मी ठेवतो."

सुमंगलानं तिच्याकडे पाहिलं. "तुका भंय दिसना?"

"भ्यायचं काय? तिची ओळख माझ्याशीच हाय की."

त्या दिवसापासून पेला नंदा ठेवायला लागली. आणि सासूसुनेत बोलणं सुरू झालं तेही त्याच पायरीवर. सुमंगला तिला इकडचं सगळं शिकवायची: कणगां कधी काढायची, खतखत्यात कुठल्या भाज्या पडतात, पदेराकडून पाव घेताना खालची बाजू कडक असलेला कसा मागायचा. नंदा तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवायची. सुमंगलाची भाकरी कधीच गोल झाली नाही. "तांदळाचो हात माजो," ती म्हणायची.

टेंपो विकला. बाबलीला लांबची गाडी जमेना. मग नंदानंच हमरस्त्याच्या कडेला माडाच्या झावळ्यांचा मांडव घालून दुकान मांडलं. शहाळी, कलिंगडं, लाल मिरची, उन्हाळ्यात मानकुराद आंबे. बाबली घरची बागायत बघायचा, सकाळी सायकलला टोपल्या बांधून माल आणून द्यायचा. किनाऱ्याकडे, मांद्र्याला जाणारे लोक थांबायचे. नंदाचं 'घेतो काय, देतो की' ऐकून ही बाई बोलते कुठली, म्हणून चार गोष्टी करायचे. तिकडून कामाला आलेली कोल्हापूर-बेळगावची माणसं तर मुद्दाम तिच्याकडे येत. माल घेवो न घेवो, गावाकडच्या बोलीत दोन शब्द बोलून जात. मुलगी झाली. तिचं नाव सिद्धी. वाड्यावरच्या बायकांनी पोरीला मांडीवर घेतलं, आणि बोलणं जसं सुरू झालं होतं तसंच कधीतरी विरून गेलं.

दुकानाला माल लागे तसा नंदा सड्यापलीकडच्या गावातून करवंदं, काजू आणायला जाई. वाट राशीवरूनच. जाताना ती एक दगड ठेवी, असेल तर पाणी घाली. ते गाव म्हणजे सुमंगलाचं माहेर. तिथं सुमंगलाचा धाकटा भाऊ अविनाश शेती करायचा. नंदा तिथला निरोप आणायची, भाच्यांनी दिलेली काकडी आणायची. सुमंगला मात्र कधी त्या वाटेला गेली नव्हती. तिला लग्नात हमरस्त्यानं वळसा घालून आणलं होतं आणि उंबऱ्यावर सासूनं तिच्याकडून शपथ घेतली होती की या सड्यावर पाऊल टाकायचं नाही. नवरीचं नवेपण सरलं तरी शपथ सरली नाही. माहेरी जायचं तर ती बस धरायची, पेडण्याला उतरायची, दुसरी बस धरायची.

मधे बरीच वर्षं गेली. सिद्धी म्हापशाला कॉलेजात जायला लागली, मोपाच्या पठारावर विमानतळ झाला, विमानं सड्यावरून खाली उतरू लागली. जमिनींकडे लोकांचं लक्ष गेलं आणि त्याबरोबर जुन्या गोष्टींकडेही. एका सकाळी नंदा काजू आणायला निघाली आणि सड्यावर पोचून जागीच थांबली.

रास उसकटून टाकलेली होती. दगड चहूकडे भिरकावलेले, डहाळ्या तुडवलेल्या, एक पहार तिथंच विसरलेली. सोन्याच्या हावेनं कुणीतरी आलं होतं. नंदा जवळ गेली. आता काय दिसेल कोण जाणे. तिनं वाकून पाहिलं.

काही नव्हतं. दगडांखाली बोटभर माती आणि मातीखाली सलग जांभा, पहारीच्या खुणा पडलेला. हाड नाही, कापड नाही, बांगडीचा तुकडा नाही. कातळ जसा सगळीकडे होता तसाच इथं होता.

ती किती तरी वेळ उकिडवी बसून राहिली. ज्या बाईमुळे तिला वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागलं, जिला ती रोज पाणी देत होती, ती इथं नव्हतीच. राग यावा असं तिला वाटलं, पण आला नाही. घरातलं माणूस न सांगता कुठं गेलं की होतं तसं काहीतरी झालं. वाड्यावरचं कुणी उसकटलेल्या राशीला हात लावणार नाही हे तिला ठाऊक होतं. मग पदर खोचून तिनं एकटीनंच दगड गोळा करायला सुरुवात केली. मोठे खाली, लहान वर. बापाबरोबर राहून एवढं तिला येत होतं. रास पुन्हा उभी राहिली तेव्हा दुपार कलली होती आणि काजू राहूनच गेले होते.

घरी येऊन तिनं आधी बाबलीला सांगितलं. तो म्हणाला, "आईक सांगू नको. तिका सोसचा नाय."

पण रोज त्या पायरीवर सासूबरोबर बसायचं आणि हे पोटात ठेवायचं, हे नंदाला जमणारं नव्हतं. तिन्हीसांजेला पेला ठेवता ठेवता तिनं सांगून टाकलं. "आई, राशीत कोण नाही. मी बघितलो. नुसता कातळ हाय."

सुमंगला जपमाळ ओढत होती. तिचा हात थांबला. आता ती काय म्हणेल म्हणून नंदा तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोण नाय?"

"कोणच नाही."

म्हातारीनं मान डोलावली. जणू कुणी तिला पिठाचा डबा कुठं ठेवलाय ते सांगितलं होतं. "आसतली कशी? इतकीं वर्सां ती आमच्याकडे ना?" आणि तिनं पेल्याकडे बोट केलं. "ठेव बरो. सांडतलो."

नंदाला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी.

सिद्धीचं लग्न ठरलं ते सड्यापलीकडच्या गावातच. मुलगा प्रथमेश, अविनाशच्या शेजारच्या घरातला, काजूच्या कारखान्यात नोकरीला. आता सड्यावरून डांबराची पट्टी झाली होती, गाड्या सहज जात. पण नवरी त्या वाटेनं न्यायची नाही हे गृहीतच होतं. व्याह्यांनी हमरस्त्याच्या वळशाचा हिशेब धरूनच मुहूर्त काढला होता. बैठकीत सगळे ठरवत असताना सुमंगला खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. ती झोपलीय असंच सगळ्यांना वाटलं.

"सड्यावयल्यान व्हरा," ती एकाएकी म्हणाली.

नवरीला सड्यावरून न्या म्हणते म्हातारी, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. अविनाश म्हणाला, "बाय, तू म्हणतंस हां? व्हकल आसा न्हय थंय."

"ती थंय नाय. आमगेर आसा. आमचीच सून ती. नातीची वाट कित्याक अडयतली?"

बाबलीनं बायकोकडे पाहिलं. नंदानं मान हलवली. सिद्धी तर उठून आजीच्या गळ्यातच पडली, कारण वळसा घालून जाणं तिला पहिल्यापासून पटत नव्हतं. व्याह्यांकडच्या एकदोन बायका कुरकुरल्या. पण जिनं आयुष्यभर ती वाट टाळली तीच म्हातारी सांगते म्हटल्यावर त्यांचंही फारसं चाललं नाही.

लग्न घरच्या मांडवातच लागलं. निघायच्या वेळी सुमंगला म्हणाली, "मियांय येतंय." गुडघे धरलेले, तरी तिला उचलून नवरीच्या गाडीत पुढं बसवलं. मागं सिद्धी आणि प्रथमेश, त्यांच्याजवळ नंदा दाटीवाटीनं. बाबली मागच्या गाडीत.

राशीजवळ गाडी थांबली. सिद्धी उतरून दगड ठेवून आली. सुमंगला काचेतून बघत होती. ती ही जागा पहिल्यांदाच पाहत होती.

"इतकीच?" ती म्हणाली.

"इतकीच," नंदा म्हणाली.

गाडी पुढं निघाली. उतार लागला, माड दिसू लागले, एका देवळाचा कळस दिसला, आणि सुमंगला एकदम पुढं झुकली. "ही आमची तळी न्हय? ओ, ही तळी आमची!"

"होय आजी, पोचलंव," प्रथमेश म्हणाला.

"पोचलंव? आत्तांच?"

घरासमोर वाद्यं वाजत होती. सिद्धीला उतरवून घ्यायला बायका धावल्या. नंदाही उतरली, पण सासू हलेना म्हणून परत आली. सुमंगला गाडीतच बसून होती आणि मागं, सड्याकडे बघत होती.

"आई, उतरा. पाय दुखतोय काय?"

"आवय माजी गेली तेन्ना," सुमंगला म्हणाली, "सांगणें आयलां सकाळीं. मियां बस धरलंय. पेडण्यां दुसरी बस मेळना. पावलंय तेन्ना तिका व्हेली." तिनं सड्याकडे बोट केलं. "ह्या वाटेन आयलंय आसतंय तर पाणी घातलां आसतां तोंडात."

आईच्या शेवटच्या दिवशी सकाळी निरोप मिळूनही, बस बदलत ती पोचेपर्यंत आईला स्मशानात नेलं होतं. नंदानं दार उघडं धरलं आणि दुसऱ्या हातानं सासूचा हात. माहेर इतकं जवळ आहे हे सुमंगलाला ऐकून नेहमीच ठाऊक होतं. लोक चालत जातात-येतात हे ती रोज बघत होती. पण आज अंगानं कळलं. म्हातारी रडली नाही. मग तिनं एक पाय बाहेर टाकला आणि म्हणाली, "उतरय माका. पोर वाट पळयता."

ती संध्याकाळी परत यायला तयार होईना. अविनाशच्या ओसरीवर माहेरची जुनी माणसं तिच्याभोवती जमली होती, कुणी तिचं लहानपणचं नाव घेऊन हाक मारत होतं. ती म्हणाली, चार दिवस राहीन. मग आठ दिवस राहीन म्हणाली. आता जवळच आसा म्हणाली.

नंदा आणि बाबली परत निघाले. गाडी पाहुण्यांना सोडायला गेली होती, ती येईपर्यंत थांबायचं दोघांच्याही मनात नव्हतं. ऊन उतरलेलं होतं, सड्यावर वारा सुटला होता. बाबलीचा पाय दुखायला लागला तसा तो वाटेच्या कडेच्या कातळावर बसला. नंदाही बसली. सकाळपासून ती उभीच होती.

"घरांत कोण नाय आज," बाबली म्हणाला. सिद्धी गेल्याचं त्याला बहुतेक आत्ता उमगत होतं.

"मी हाय की."

तो हसला. मग विचारलं, "भूक लागल्या?"

"लागलीया. सकाळी अर्धा लाडू खाल्लो तेवढाच." ती उठली आणि त्याला हात दिला. "घरी खतखतं उरलंय. गरम करतो. उद्या दुकान उशिरा उघडूया."

"उशिरा?" बाबली उठता उठता म्हणाला. "तू आणि उशिरा?"

"एक दिवस," नंदा म्हणाली, आणि दोघं उतारानं वाड्याकडे चालू लागले.